लेकरांच्या तसबिरी : दाम, धीर आणि हसू

खर्ड्याचे नाव घेतले की मराठी माणसाला लढाई आठवते, आणि ते साहजिकच आहे. ११ मार्च १७९५ रोजी या परिसरात पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजा समोरासमोर आल्या. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सेनापतित्वाखाली शिंदे, होळकर, भोसले असे मातबर सरदार एका निशाणाखाली उभे राहिले. निजाम अलीने माघार घेऊन खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला आणि तेथे कोंडला गेल्यावर तहाच्या अटी मान्य केल्या. हा इतिहास येथल्या शाळकरी मुलालाही पाठ आहे. आज मात्र आम्हांला बोलावयाचे आहे ते तोफांविषयी नव्हे, चेहऱ्यांविषयी.

या मोहिमेत सवाई माधवराव पेशवे स्वतः लष्कराबरोबर होते. त्यांना एकविसावे वर्ष पुरे व्हावयास महिना-सव्वा महिना उरला होता. जय झाला, तरी तरुण पेशव्याची मुद्रा उदास दिसली आणि नाना फडणविसांनी त्यांना तिचे कारण विचारले, अशी हकीकत ग्रँट डफने आपल्या बखरीत नोंदविली आहे. पुढे त्याच सालच्या ऑक्टोबरात हा मुलगा शनिवारवाड्यात मृत्यू पावला. त्याचा चेहरा कसा होता हे आज आपल्याला सांगता येते, कारण जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला होता. वकील मॅलेट याच्या आश्रयाने त्याने १७९२ साली पेशवे आणि नाना यांचे मोठे तैलचित्र रंगविले. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. एका अठरा वर्षांच्या मुलाची मुद्रा कापडावर उतरण्यासाठी सातासमुद्रापलीकडचा चित्रकार, दरबारचा आश्रय आणि पुष्कळ दिवसांची बैठक एवढे सगळे लागले.

आता प्रश्न असा की, त्याच मार्च महिन्यात खर्ड्यात आणि आसपासच्या वाड्यांवर जी शेकडो पोरे होती, त्यांचे चेहरे कोठे आहेत? फौजांची धूळ पाहून जी आईच्या पदराआड लपली, ज्यांच्या शेतातला हरभरा घोड्यांनी खाल्ला, त्यांतल्या एकाचीही मुद्रा आपल्यापाशी नाही. इतिहासाने त्यांना वगळले असे म्हणावयाचे कारण नाही. त्यांचे चित्र काढणे कोणाच्या ऐपतीतच नव्हते. सामान्य घरातले लेकरू तसबिरीत येऊन बसले, ही गोष्ट घडावयास पुढे शे-सव्वाशे वर्षे लागली. ती कशी घडली आणि त्यासाठी कोणी काय मोल दिले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. काहींना तो हलका वाटेल. आम्हांला तो तसा वाटत नाही, आणि का वाटत नाही हे शेवटी आपल्या ध्यानी येईलच.

लेकराच्या तसबिरीला तीन गोष्टी आड येत होत्या. पहिली दाम, दुसरी वेळ आणि तिसरी भीती. दाम बापाला द्यावा लागे, वेळ मुलाला द्यावा लागे आणि भीती आईच्या पोटात असे. या तिन्ही अडचणी एकाच दिवशी सुटल्या नाहीत. एक सुटली की दुसरी पुढे येई. म्हणून त्यांचा इतिहास क्रमाने पाहिला पाहिजे.

प्रथम वेळ घेऊ. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची युक्ती जाहीर झाली आणि सूर्यप्रकाश स्वतःच चित्र काढतो ही बातमी जगभर गेली. परंतु आरंभी हा सूर्य फार संथपणे काम करी. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटावयास भर उन्हात कित्येक मिनिटे लागत. इमारत स्थिर बसते, डोंगर बसतो. पण दोन वर्षांचे मूल पाच मिनिटे पापणी न हलविता बसले आहे, असे कोणत्या आईने पाहिले आहे? १८४० साली व्हिएन्नाच्या पेट्झव्हालने अधिक उजेड आत घेणारे भिंग बसविले, तेव्हा ही मिनिटे सेकंदांवर आली. १८५१ साली आर्चरने काचेवर ओल्या रसायनाचा लेप देण्याची रीत काढली. तिने चित्र आणखी लवकर निघू लागले आणि एका काचेवरून हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या. मात्र ही काच ओली असतानाच चित्र घेऊन धुवावी लागे. दहा-पंधरा मिनिटांत लेप सुकला की सगळा खटाटोप फुकट. दख्खनच्या उन्हाळ्यात त्या छायाचित्रकारांची काय त्रेधा उडत असेल, याची कल्पना ज्याने वैशाखातले खर्डे पाहिले आहे त्याला सहज करता येईल.

अशा काळात मूल स्थिर बसविणे हेच छायाचित्रकाराचे खरे कसब होते. मोठ्या माणसाच्या मानेमागे लोखंडी चिमटा उभा करीत. पाहणाऱ्याला तो दिसत नसे. तान्ह्या मुलासाठी विलायतेत निराळीच तोड काढली होती. आईला खुर्चीत बसवून तिच्या अंगावरून डोक्यापर्यंत चादर किंवा पडदा टाकीत आणि त्या झाकलेल्या मांडीवर मूल ठेवीत. चित्रात मूल दिसे, आई म्हणजे गाद्यागिरद्यांचा एक ढीग दिसे. पुढे त्याला चौकट घातली की ढीगही झाकला जाई. अशी चित्रे आजही संग्रहालयांत आहेत, आणि नीट निरखले तर चादरीतून बाहेर आलेला एखादा हात मुलाला घट्ट धरून असतो. जुन्या तसबिरींतली मुले गंभीर का दिसतात, ती पूर्वीची मुले फार सोशीक होती काय, असे पुष्कळ जण विचारतात. उत्तर साधे आहे. हसू टिकत नाही. सेकंदभर आलेले हसू दहा सेकंदांच्या काचेवर पुसट होते, म्हणून छायाचित्रकार मुलाला हसू देतच नसे. ती मुले दुःखी नव्हती. त्यांच्याकडून गांभीर्य वसूल केलेले होते.

मुंबईत ही विद्या फार लवकर आली, हे आपण अभिमानाने सांगावे. १८५४ साली तेथे छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली आणि १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत या विषयाचा वर्ग निघाला. या कामात आपले लोक मागे नव्हते. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत व्यवसाय थाटला, आणि हा धंदा करणाऱ्या पहिल्या हिंदी लोकांत त्यांचे नाव घेतले जाते. परंतु या मंडळींपुढे बसणारे लोक कोण? शेटसावकार, संस्थानिक, सरकारी अधिकारी. गरिबाचे चित्र निघाले ते निराळ्या हेतूने. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने हिंदुस्थानातील लोकांविषयी आठ खंडांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. जात, जमात, पेशा यांचा नमुना म्हणून माणसे त्यात उभी केली आहेत, आणि बहुतेकांचे नावही दिलेले नाही. चित्र निघाले, पण ते त्या माणसासाठी निघाले नाही. श्रोतेहो, हा फरक आपण मनाशी नीट धरून ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता दामाकडे वळू. चित्र स्वस्त कसे झाले? कोणी उदार झाला म्हणून नव्हे. एका माणसाने हिशेब केला म्हणून. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ साली एका युक्तीचे हक्क नोंदविले. त्याच्या यंत्राला अनेक भिंगे होती आणि एकाच मोठ्या काचेवर तो आठ लहान चित्रे घेई. काच एक, रसायन एक, धुणे एक, छपाई एक. चित्रे मात्र आठ. मग कात्रीने कापून ती भेटीच्या पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यांवर चिकटवावयाची. खर्च आठांत वाटला गेला आणि किंमत एकदम खाली आली. युरोपात ही पत्त्याएवढी चित्रे घरोघर गेली आणि तेथून ती लाट मुंबई-कलकत्त्यास आली. आपल्यापैकी प्रत्येकाने हा हिशेब स्वतःच्या हातात धरलेला आहे, हे सांगितले तर नवल वाटेल. आजही आपण अर्जासाठी छायाचित्र काढावयास जातो, तेव्हा दुकानदार एका कागदावर आठ प्रती काढून कात्रीने कापून देतो. तो दिस्देरीचाच हिशेब आहे.

वेळेची अडचण सुटली ती कोरड्या काचेने. १८७१ साली मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनचा लेप सुचविला आणि १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या. आता काच ओली ठेवण्याची घाई नाही, आणि उजेड चांगला असेल तर सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र मिळे. मूल हलले तरी चालू लागले. लोखंडी चिमटा अडगळीत गेला. आईच्या डोक्यावरची चादर निघाली आणि ती मुलाच्या शेजारी आपल्या तोंडानिशी बसू लागली. यंत्रविद्येने मुलाला दिलेली ही पहिली सुटका होय.

पण तिसरी अडचण यंत्राने सुटणारी नव्हती. नजर लागते, आयुष्य कमी होते, यंत्र अंगातले सत्त्व ओढून घेते, असे लोक म्हणत. यावर हसण्यापूर्वी त्या काळाची स्थिती आठवावी. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांतली सुमारे दोनशे वर्षाच्या आत दगावत. जिथे पाचातले एक मूल असे जाते, तिथे आई त्याच्या गालाला काजळाची तीट लावते आणि अनोळखी माणसाच्या काळ्या पेटीसमोर त्याला बसवावयास कचरते, यात वेडेपणा कोणता? ती भीती यंत्राची नव्हती, मरणाची होती.

या भीतीचा चटका बसलेला एक छायाचित्रकार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे प्रथम गोध्र्याला छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत. १९०० च्या सुमारास प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल नेले. ते बडोद्यास आले आणि तेथे पुन्हा दुकान मांडले. परंतु यंत्र माणसाची शक्ती शोषून घेते अशी आवई उठल्यामुळे तो व्यवसाय चालला नाही. ज्याचे स्वतःचे लेकरू साथीने नेले, त्याच्याच यंत्राला लोकांनी मरणाचे कारण ठरवावे, हा दैवाचा खेळ विलक्षण खरा. याच फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला आणि त्यात रोहिदासाच्या भूमिकेसाठी आपल्या मुलाला, भालचंद्राला, उभे केले. पुढे १९१९ साली ‘कालिया मर्दन’ निघाला. त्यात बाळकृष्ण झाली ती त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. या चित्रपटाच्या आरंभी ती मुलगी नुसती यंत्राकडे तोंड करून बसते आणि एकामागून एक मुद्रा करून दाखविते. हसते, रुसते, चिडते. कथेला त्याची काही गरज नव्हती. पण लहान मूल यंत्रापुढे खेळू शकते, ही गोष्ट एका बापाला जगाला दाखवावीशी वाटली. मराठी मुलाच्या हसऱ्या छायाचित्राचा इतिहास लिहावयाचा झाला, तर आम्ही या प्रसंगाला त्यात मानाचे पान देऊ.

भीती घालविण्याची आणखी एक रीत होती, ती म्हणजे बसणाऱ्याला ओळखीचे वातावरण देणे. निजामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेस बायकांसाठी निराळी चित्रशाळा काढली आणि ती एका इंग्रज बाईच्या हाती सोपविली. आत पुरुषमाणूस नाही म्हटल्यावर पडदानशीन बायका मोकळेपणाने येऊ शकल्या. छायाचित्राची निम्मी कला यंत्राच्या मागे नसून यंत्राच्या भोवती असते, हे ज्याला कळले तो खरा छायाचित्रकार.

आता एका साली घडलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहू. १९०० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत कोडॅक कंपनीने ‘ब्राउनी’ नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा विकावयास काढला. किंमत एक डॉलर; त्या वेळच्या भावाने सुमारे तीन रुपये. तो मुलांसाठीच होता. शाळकरी पोराने वापरावा, आपल्या भावंडांची चित्रे काढावी, असा त्याचा प्रचार होता, आणि पहिल्याच वर्षी लाखाहून अधिक नग खपले. त्याच १९०० साली आपला नगर जिल्हा दुष्काळात होरपळत होता. त्या दुष्काळात हिंदुस्थानातील उपाशी मुलांची छायाचित्रे परदेशी पत्रांत छापून येत होती. त्यामुळे मदत मिळाली आणि जीवही वाचले, हे नाकारता येणार नाही. परंतु पृथ्वीच्या एका बाजूला मूल यंत्र हातात धरून हसत होते आणि दुसऱ्या बाजूला मूल आपल्या फासळ्यांचा पुरावा म्हणून यंत्रापुढे उभे होते. पहिल्याचे चित्र त्याच्या घरी राहिले. दुसऱ्याला आपले चित्र निघाले हे तरी कळले असेल काय?

आपल्याकडे सामान्य घरात छायाचित्र शिरले ते जत्रेच्या वाटेने. शहरातल्या चित्रशाळेत काचेचे छप्पर असे, उत्तरेचा मऊ उजेड येई, वेताची खुर्ची आणि कुंडी असे. तेथे खेडूत माणूस बिचकत असे. जत्रेतला फोटोवाला मात्र त्याच्याच रस्त्यावर कनात ठोकून बसे. मागे रंगविलेला पडदा: कमळांचे तळे, चंद्रकोर, ताजमहाल, विमान. पुढे पुठ्ठ्याची मोटार किंवा लाकडी घोडा. ज्या पोराने मोटार फक्त धुरळ्यावरून ओळखली, ते तिच्यात ऐटीत बसे आणि चित्रात कायमचे तिचे मालक होई. शहरी टीकाकार या पडद्यांना भडक म्हणतात. असतील भडक. पण मुलाचा धीर चेपण्याचे काम त्या घोड्याने जितके केले तितके कोणत्याही भिंगाने केले नाही. मूल यंत्राकडे पाहावयास आलेले नसे, घोड्यावर बसावयास आलेले असे, आणि छायाचित्र त्या खेळात हळूच निघून जाई.

याच रस्त्यावर दुसरा कारागीर असे, तो मिनिट कॅमेऱ्याचा. तिपाईवर एक लाकडी पेटी, बाजूला हात घालावयाची कापडी बाही. पेटीतच यंत्र आणि पेटीतच काळोखी खोली. तो फिल्म वापरीतच नसे. कागदावरच उलटे चित्र घेई, पेटीतल्या पेटीत धुई, मग ते ओले चित्र भिंगापुढच्या फळीवर लावून त्याचेच पुन्हा चित्र घेई. म्हणजे उलट्याचे सुलटे झाले. काच नाही, फिल्म नाही, दुकानाचे भाडे नाही. म्हणून दाम थोडा. शिवाय चित्र तेथल्या तेथे हाती मिळे. बादलीतून निघालेला तो ओला कागद वाऱ्यावर हलवीत जाणारे पोर जत्रेतला सगळ्यांत श्रीमंत माणूस असे.

आणि घरची रीतही आपण विसरू नये. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे लहान मुलाचे बोरन्हाण करतात. काळे झबले, हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार. पाटावर मूल बसवावयाचे आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओतावयाचे. भोवती आळीतली पोरे वेचावयास टपलेली. ज्या घरी कधी काळी एकच छायाचित्र निघाले, तेथे ते पुष्कळदा याच प्रसंगाचे असते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने याहून सोयीचा प्रसंग शोधून सापडावयाचा नाही. मूल आपल्या जागी बसलेले, अंगावर नवे लेणे, भोवती ओळखीची माणसे, आणि वरून खाऊचा पाऊस. त्याला हस म्हणून सांगावे लागत नाही. मुलाचे चित्र कसे काढावे याचा पाठ आपल्या आजीबाईंना यंत्र येण्यापूर्वीच ठाऊक होता.

स्वातंत्र्यानंतर यंत्र घरात आले. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनविलेला ‘आग्फा क्लिक थ्री’ मध्यम वर्गाच्या कपाटात दिसू लागला. उटकमंडला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढे देशी फिल्म मिळू लागली. एका गुंडाळीत बारा चित्रे. बाराच असल्यामुळे प्रत्येकाचा विचार होई. धुण्याचा खर्च एकदाच पडावा म्हणून बारा पुरी होईपर्यंत थांबत. कधी त्यात गणपतीपासून होळीपर्यंतचा काळ जाई. काटकसर आणि धीर यांची ती शाळाच होती.

येथून पुढचा इतिहास आम्हांला फार गोड वाटतो, कारण तो मुलांनीच पुढे नेला आहे. १९४३ साली अमेरिकेत एडविन लँड हा शास्त्रज्ञ आपल्या तीन वर्षांच्या मुलीचे चित्र काढीत होता. ते आत्ताच्या आत्ता का दिसत नाही, असे तिने विचारले. त्या प्रश्नापायी लँडने काही मिनिटांत चित्र देणारा कॅमेरा शोधला आणि १९४८ साली तो बाजारात आला. १९५७ साली रसेल कर्श याने संगणकात पहिले छायाचित्र उतरविले. ते होते त्याच्या तीन महिन्यांच्या मुलाचे, वाल्डेनचे. लांबीत १७६ ठिपके आणि रुंदीत १७६ ठिपके, एवढाच त्याचा पसारा. ११ जून १९९७ रोजी फिलिप काह्न याने फोनमधून पहिल्याने चित्र धाडले, तेही प्रसूतिगृहातून, नुकत्याच जन्मलेल्या मुलीचे. पेशव्याच्या चित्रासाठी दरबार लागला. पण पुढची प्रत्येक पायरी कोणा बापाने आपल्या लेकरासाठी चढली आहे.

मग आता राहिले काय? दाम जवळपास शून्यावर आला. वेळ उरली नाही. भीती गेली, दोन वर्षांचे मूल स्वतःच फोन हिसकावून घेते. असे असताना हा विषय व्याख्यानाला घेण्याचे प्रयोजन काय, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो वाजवी आहे. त्याला आमचे उत्तर तीन प्रकारचे आहे.

पहिले असे की, चित्रे पुष्कळ झाली, पण मुलाच्या हाती एकही नाही. फोन बिघडला, विकला, पाण्यात पडला की एका मुलाचे सगळे बालपण त्याबरोबर जाते. आजोबांचे पुठ्ठ्यावरचे चित्र ऐंशी वर्षांनंतरही भिंतीवर आहे, आणि नातवाची हजार चित्रे आठ वर्षेही टिकत नाहीत, हे आपण डोळ्यांनी पाहतो. दुसरे असे की, गरिबाघरच्या मुलाचे नीट बसवून काढलेले चित्र अजूनही बहुधा कागदपत्रासाठीच निघते. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधार पत्रावर बोटांचे ठसे घेत नाहीत, छायाचित्र मात्र घेतात. शाळेचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, ओळखपत्र; सरळ बस, हसू नकोस, पुढचा ये. हे आवश्यक आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या आठ खंडांतल्या निनावी माणसांची येथे आठवण होते. चित्र त्याचे, पण त्याच्यासाठी नव्हे. आणि तिसरे असे की, ज्यांना परवडते त्यांच्या मुलांसाठी शहरांत पुन्हा नटव्या चित्रशाळा निघाल्या आहेत. तेथे टोपल्या, फुले, पऱ्यांचे पंख सगळे मिळते आणि त्याचे दामही तसेच मोजावे लागतात. म्हणजे फिरून मौज श्रीमंताची आणि शिक्का गरिबाचा, अशी वाटणी होऊ पाहते.

ही वाटणी मोडणे कठीण नाही, आणि खर्ड्यासारख्या गावालाच ते चांगले साधेल. निंबाळकरांनी बांधलेल्या किल्ल्याचा तट अजून उभा आहे. त्याच्या दगडी भिंतीसारखा पडदा कोणत्या चित्रशाळेत मिळणार? सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा ते कलल्यावर तटाच्या सावलीत मऊ उजेड असतो. दिव्यांची गरज नाही. एक पाट, एक धुतलेले धोतर मागे बांधावयास, आणि गावातल्या दहाजणांकडे आहेत तसले फोन. एवढ्यावर काम होते. छायाचित्रकाराने उभे राहून चित्र काढू नये, मांडी घालून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर यावे. मुलाला हस म्हणू नये, काम द्यावे: या दगडावरून त्या दगडावर उडी मार, हे पान फुंकून उडव, ताईच्या कानात गुपित सांग. लाजाळू मुलाला आजीच्या मांडीवरच बसवावे, आणि आजीला चादरीखाली न झाकता चित्रात घ्यावे. चित्र निघाले की प्रथम त्यालाच दाखवावे. लँडच्या मुलीने तेवढेच मागितले होते. जे रडत असेल त्याला सोडून द्यावे, उद्या बोलवावे. आणि खर्चाचे गणित दिस्देरीचे ठेवावे: एका कागदावर चार मुले छापून कापली की एका प्रतीचा खर्च चौथ्या हिश्शावर येतो. तो मंडळाने किंवा शाळेने उचलावा, म्हणजे कोणा आईला पदराची गाठ सोडावी लागणार नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. आईबापांच्या संमतीवाचून ही चित्रे कोठे जाहीर करू नयेत. मुलांच्या माहितीला पालकांची संमती हवी, असे तत्त्व २०२३ च्या केंद्रीय कायद्यातही आले आहे. पण कायदा नसता तरी शहाणपण हेच सांगते. चित्र ज्याचे, त्याच्या घरी ते जावे.

फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी एक लहानसा चित्रपट काढला होता. कुंडीत बी पेरून त्याची ठराविक अंतराने चित्रे घेतली आणि ती सलग दाखविली, तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे अंकुर वाढला. आम्हांला वाटते की, हीच रीत गावाने लेकरांसाठी उचलावी. दर वसंतात, व्याख्याने चालू असतात त्याच दिवसांत, त्याच दगडी भिंतीपाशी प्रत्येक मुलाचे एक चित्र काढावे, आणि मागे नाव व साल शाईने लिहून त्याच्या हाती द्यावे. दहा वसंतांनी प्रत्येक घरात एका लेकराची वाढ ओळीने मांडता येईल. १७९५ च्या मार्चात या तटाजवळ जी पोरे होती त्यांचे चेहरे आपल्याला आता कधीही दिसणार नाहीत. तो तोटा भरून येणारा नाही. आज या तटाजवळ जी पोरे खेळत आहेत, त्यांच्या बाबतीत तरी पुढच्या पिढीला तसे म्हणण्याची पाळी येऊ नये, एवढे करणे आपल्या हाती आहे.